रत्नम्माची रवी, संगमेशची छडी

मी एक छडी बोलतेय. दचकू नका, मास्तरांच्या हातातली नव्हे. लातूरकरांना छडी म्हटलं की आधी स्वतःचा तळहात आठवतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं. वाद्यवृंदापुढे उभा राहणारा माणूस हवेत हलवतो ना, ती छडी मी. मी वर उठले की समोरची सगळी माणसं एकदम श्वास घेतात, खाली आले की वाजवायला लागतात. एवढंच माझं काम. आता तेही राहिलेलं नाही.

पण जन्माने मी छडी नाही. जन्माने मी रवी. ताक घुसळायची, वरण घोटायची साधी लाकडी रवी. लातूरला सिद्धेश्वराच्या जत्रेत एका दुकानाच्या बांबूला मी टांगलेली होते. रत्नम्मा आली, तिनं मला दोन तळव्यांत धरून गरकन फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाली, "ही चांगली बोलती. हीच द्या." बाकीच्या बायका लाकूड बघत होत्या, गाठी बघत होत्या. ही बाई माझा आवाज ऐकत होती. तिचा लेक कुणावर गेला, हे मला पुढे कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

रत्नम्माचं माहेर उदगीरकडचं, कानडी मुलखाला लागून. त्यामुळे घरात आई म्हणजे अव्वा आणि वडील म्हणजे अप्पा. अप्पांचं नाव गुरुपादप्पा. धान्यबाजारात, मोंढ्याजवळ त्यांचं किराणा दुकान. सकाळी अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा हा माणूस. वजनात कधी कुणाला फसवलं नाही, म्हणून गल्लीत शब्दाला मान. लेकरं दोन. थोरली सुकन्या, तिला नांदेडला दिलेली. धाकटा संगमेश, व्हायोलिनचं वेड लागलेला.

लातुरात एक खोड आहे. पोरगं अकरावीला क्लासला लागलं रे लागलं की घरचे त्याला डॉक्टर म्हणायला लागतात. "डॉक्टर, जेवायला या." "डॉक्टर, तेवढं दळण आणा." लाडानंच म्हणतात बिचारे, पण म्हणता म्हणता त्यांना ते खरंच वाटायला लागतं. संगमेशला इथे प्रवेश मिळाला नाही, तेव्हा अप्पांनी त्याला डॉक्टरकीसाठी जॉर्जियात, कुताईसी नावाच्या गावी पाठवलं. हल्ली आपल्याकडची बरीच पोरं जातात तिकडे. पोरगा विमानात बसायच्या आधीच फाटकावर पाटी लागली. वर मोठ्या अक्षरात 'डॉ. संगमेश', खाली बारीक अक्षरात 'परदेश'. रत्नम्मानं बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरली, ज्वारीचं पीठ भरलं आणि सगळ्यात शेवटी मला खुपसलं. "तिकडं वरण कोण घोटून देणार हाय त्याला?" ती म्हणाली.

पहिली दोन वर्षं मी इमानानं वरण घोटलं. मग एका पाडव्याला वसतिगृहातल्या सगळ्या पोरांसाठी कढी करताना माझं खालचं लाकडी फूल तुटलं आणि कढीत पडलं. दुसऱ्या कुणी मला फेकून दिलं असतं. संगमेशनं उरलेली काडी धुतली, काचेनं तासून निमुळती केली. मुठीला त्यानं बाटलीचं बूच बसवलं. हो, दारूच्या बाटलीचंच. तो देश द्राक्षांचा, बुचं पायलीनं मिळतात. दारूला न शिवणाऱ्या घरातली मी, आणि माझी मूठ ही अशी. अप्पांना हे अजून माहीत नाही.

वसतिगृहासमोर एका बंद पडलेल्या कारखान्याचं सभागृह होतं. कारखान्याचा म्हणे एकेकाळी मोठा वाद्यवृंद होता. आता तिथे नीनोबाई नावाच्या एक म्हाताऱ्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आणि त्यांच्यासारखीच मागे राहिलेली तीन-चार माणसं जमायची. त्यांना वाजवता यायचं, पण एकत्र ठेवणारं कुणी नव्हतं. संगमेश आधी नुसता ऐकायला जायचा. एक दिवस नीनोबाईंनी त्याला पुढे उभं केलं आणि त्यानं खिशातून मला काढलं.

माणसं वाढत गेली. एक बेकरीवाला ट्रम्पेट घेऊन आला, शाळेतली एक बाई सेलो, म्हणजे जमिनीला टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिन, घेऊन आली. डॉक्टरकी शिकणारी नांदेडची एक मुलगी बासरी वाजवायची, तिनं आणखी दोघांना ओढून आणलं. भांडणं तर किती! बेकरीवाला आणि सेलोवाली बाई महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नव्हते, तरी एकमेकांचं ऐकून अचूक वाजवायचे. संगमेशच्या उजव्या हातात मी असायचे. हळू वाजवायचं असलं की तो डावा तळहात छातीसमोर आणून किंचित वर उचलायचा, घरी लिंगपूजेला बसल्यावर धरतात अगदी तसा. ही खूण जगात दुसरा कुणी करत नसेल. पण त्या माणसांना ती इतकी कळायची, की तळहात वर आला की सगळं सभागृह पूजेला बसल्यागत शांत व्हायचं.

अशातच तिसऱ्या वर्षी त्यानं डॉक्टरकी सोडली आणि तिथल्याच संगीतशाळेत नाव घातलं. अव्वाला आधी सांगितलं. ती म्हणाली, "जेवतूस ना वेळेवर?" मग अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "येशील तर डॉक्टर होऊनच ये. न्हाईतर येऊ नको. हितं चार लोकांत मला तोंड दाखवायचं हाय."

पाटी तशीच राहिली. कुणी विचारलं तर अप्पा सांगायचे, "तिकडंच प्रॅक्टिस करून राहिलाय." एक खोटं बोललं की त्याला राखण लागते. संगमेश गावी आला असता तर गल्लीतला प्रत्येक जण गुडघा नाहीतर रिपोर्ट घेऊन दारात उभा राहिला असता. म्हणून त्याला घर बंद झालं. वर्षांमागून वर्षं गेली. रत्नम्मा फोनवर त्याचं सगळं ऐकायची, त्याच्या वाजवणाऱ्यांची नावंसुद्धा तिला पाठ झाली होती. मात्र फोन ठेवताना एकच सांगायची, "एकदा येऊन जा रे. पाटी राहू दे, मी तुला मागच्या दारानं घरात घेते." तो हसायचा आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मला नुसता बोटांत फिरवत बसायचा. त्या बाईला लेकाला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

मग गेल्या वर्षी आमच्या वृंदाला राजधानीतून, तिबिलिसीच्या मोठ्या सभागृहातून बोलावणं आलं. रविवारी दुपारचा कार्यक्रम. संगमेशनं सकाळीच अव्वाला फोन करून सांगितलं आणि "पुढच्या महिन्यात मी येतोच, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे," असंही सांगून टाकलं. कार्यक्रम सुरू होताना त्यानं फोन बंद केला. शेवटी आम्ही जो पाळणा वाजवला तो रत्नम्माचा होता. ती कानडीत गुणगुणायची तो. संगमेशनं त्याची सुरावट सेलोसाठी बांधली होती. डावा तळहात वर आला, आणि इतकं हळू वाजलं की मला माझ्या बुचावर त्याच्या बोटांची नाडी लागत होती. लोक उभे राहिले. नीनोबाई रडत होत्या.

त्याच वेळी लातूरला काय चाललं होतं, ते मला नंतर सुकन्याच्या तोंडून कळलं. ती चार दिवस माहेरी आलेली होती. दुपारी रत्नम्माच्या छातीत कळ आली. शेजारच्या किशनरावांनी लगेच गाडी दारात आणली. पण जमलेली माणसं म्हणायला लागली, "घरचा डॉक्टर असताना त्याला इचारल्याबगर कसं न्यायचं? कुठल्या दवाखान्यात न्यायचं, काय द्यायचं, त्यालाच कळणार. फोन लावा." सुकन्यानं हातापाया पडून सांगितलं की आधी गाडीत घाला. तिचं कोण ऐकतं? फोन लागेना. रत्नम्मा तशातही म्हणाली, "त्याला फोन लावू नका. आज त्याचा कार्यक्रम हाय."

सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. आणि अप्पा म्हणाले, "ऑपरेशनमध्ये असंल. येईल त्याचा फोन."

मग सगळे त्याच्या फोनची वाट बघत थांबले. गाडी दारात चालू होती. शेवटी सुकन्यानं कुणाचं न ऐकता आईला उचलायला लावलं, तोवर उशीर झाला होता. दवाखान्याच्या दारातच रत्नम्मा गेली.

कार्यक्रमानंतर फोन चालू करताच संगमेशला बातमी कळली. त्यानं मला तसंच पिशवीत कोंबलं आणि मिळेल त्या विमानानं हैदराबादला उतरून गाडीनं लातूर गाठलं. आम्ही पोचलो तेव्हा रत्नम्माला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. लिंगायतांत तशी रीत आहे. कपाळभर विभूती, अंगावर नवं लुगडं, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग. वाट बघत बसल्यासारखी दिसत होती. कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर आले, वाट द्या." संगमेश तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिचे पाय धरले.

किशनराव जवळ आले. त्यांच्या मनात पाप नव्हतं. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या फोनसाठी थांबलो हो आमी. गाडी दारात तयार होती."

संगमेशनं मान वर करून अप्पांकडे बघितलं. अप्पांची नजर जमिनीवर. मला वाटलं आता हा बोलणार, सगळं बोलून मोकळा होणार. पण तो म्हणाला, "ऑपरेशन चालू होतं, काका."

बापाला वाचवायला तो आईपुढे बसून खोटं बोलला. पिशवीतल्या पिशवीत माझ्या अंगावर काटा आला. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

माती झाली. दोन दिवसांनी सकाळी मागच्या गल्लीतली नागम्मा नवऱ्याला धरून फाटकात आली. नवरा घामाघूम, हात छातीवर. "डॉक्टरसाहेब घरी हायत न्हवं? तेवढं बघा म्हणावं ह्यांना."

अप्पा पायरीवर बसले होते. ते उठले. "डॉक्टर न्हाई हितं कुणी," ते म्हणाले.

"अप्पा, असं काय करता? पाटी हाय की."

"खोटी हाय पाटी! माझा पोरगा डॉक्टर न्हाई, कधी न्हवता. तो तिकडं बाजा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या हाय." अप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की गल्लीतली सगळी दारं उघडली. "किशनराव, गाडी काढा! कुणासाठी थांबू नका. आत्ताच्या आत्ता न्या त्याला!"

नागम्माचा नवरा वाचला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझ्या मनात एकच येत राहिलं, अप्पा, हे तुम्ही रविवारी का नाही बोललात?

संगमेशनं त्यांना धरून आत नेलं. अप्पा म्हणत होते, "मी मारलं रे तिला." संगमेश म्हणत होता, "फोन मीच बंद ठेवला होता, अप्पा." दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते.

त्यानंतर आम्ही कुताईसीला परतलो. आल्या दिवशी त्यानं मला टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. त्या रविवारी मी त्याच्या हातात होते, हे त्याला सोसवत नाही. त्याचा मला राग नाही. वृंदातली माणसं अजून दर गुरुवारी जमतात, वाद्यं लावतात, त्याची वाट बघतात. नीनोबाई व्हायोलिनच्या गजानं ठेका धरून बघतात, पण वाजणं फिसकटतं. एकेक जण यायचा बंद होतोय. बासरीवाली मुलगी शिक्षण संपवून नांदेडला परत गेली.

खणात मला फोनवरचं बोलणं ऐकू येतं. आता अप्पाच फोन करतात. परवा म्हणाले, "किशनरावानं मोबाईलवर मोठा आवाज करायचं यंत्र आणलंय. गल्लीतल्या समद्यांना सांगून ठेवलंय मी. कवा वाजवणार हायस?"

"सध्या बंद आहे, अप्पा," संगमेश म्हणाला.

"हाव का," अप्पा म्हणाले. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.

वाचकहो, लातूर-नांदेडकडच्या तुमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं पोर कुताईसीला शिकत असेलच. त्याच्याजवळ माझा एवढा निरोप द्या. कारखान्याच्या जुन्या सभागृहासमोर संगमेश राहतो. त्याला सांगा, खण उघड. अव्वा गेली, तिला आता ऐकवता यायचं नाही. पण अप्पा रोज फोन जवळ घेऊन बसतात, म्हणावं. ते अजून आहेत.