नोगामीचा एकच खड्डा

बेसबॉलमध्ये पिचर चेंडू कसा टाकतो ते सगळे बघतात. त्याचा पुढचा पाय कुठे पडतो, ते मी बघतो. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, त्याची माती राखायचं काम एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. दर चेंडूला त्याचा पाय मातीत रुततो आणि खड्डा पडतो. पाचव्या आणि आठव्या डावानंतर आम्ही फावडी घेऊन धावतो, खड्डे बुजवतो, माती ठोकतो आणि गुमान परत येतो. सामना चालू असताना मातीवाल्याने खेळाडूंबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही आमची शिस्त. मी ती कधी मोडली नव्हती.

नोगामी सदतीस वर्षांचा. खांद्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं दुय्यम संघात पडून होता. तिथली मातीही माझ्याकडेच. त्याचे इकडेतिकडे विखुरलेले खड्डे बघून मी एकदा झापलं होतं, "पिचर आहेस की दारुडा? एक पाऊल इथे, एक तिथे. अशाने घरी कधी पोचणार?" तो ओशाळून हसला. दुसऱ्या सकाळपासून माझ्याआधी मैदानावर हजर!

सप्टेंबरातल्या त्या रविवारी दुपारी त्याला मुख्य संघात एकच संधी मिळाली. प्रशिक्षक इवाकिरी साहेबांनी सर्वांदेखत बजावलं होतं, "जमलं तर राहशील. नाहीतर सामान बांध."

समोरच्या संघाचा पिचर बावीस वर्षांचा, डावखुरा, नुसती तोफ. पण पाचव्या डावानंतर मी माती बघितली तर त्या पोराच्या बाजूला तीन खड्डे आणि नोगामीच्या बाजूला एक. माझी छाती फुगली. नोगामीचा चेंडू वेगवान नव्हता, पण कॅचर जिथे हातमोजा धरेल तिथे जाऊन बसत होता. फलंदाज हवेत बॅट फिरवत होते आणि चरफडत परतत होते. आठ डावांत त्यांना दोनदाच चेंडू नीट मारता आला. आठव्याच्या शेवटी आमची एकुलती एक धाव झाली.

मी माती ठोकून परतलो तेव्हा साहेबांनी राखीव पिचरला बोलवायला फोन उचलला होता. शेवटच्या डावासाठी ताज्या दमाचा पिचर तयार होता. बाकाच्या टोकाला नोगामी डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मला राहवलं नाही.

"साहेब, एकच खड्डा होता."

"काय?"

"पाचव्यानंतर बुजवला, पुन्हा तिथेच पडला. बोटभरसुद्धा हलला नाही. दमलेल्याचा पाय अलीकडे पडतो, साहेब."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग फोन खाली ठेवला आणि नोगामीला म्हणाले, "ऊठ. बसलास काय?"

नवव्यात तीन फलंदाज आले आणि तिघेही बॅट फिरवून रिकाम्या हाताने गेले. एक–शून्य! ढोल, कर्णे, आरडाओरडा, सगळ्यांनी नोगामीला खांद्यावर घेतलं.

मैदान रिकामं झाल्यावर मी फावडं घेऊन गेलो. पाठोपाठ नोगामी आला आणि खड्ड्यापाशी उकिडवा बसला. एकच होता. त्याने त्यात तळहात टेकवला.

"काका," तो म्हणाला, "दारुडा पोचला का घरी?"

मी फावडं मातीत रोवलं.

"पोचला रे. सरळ पोचला."