औषधाचा दोष न्हाय

पंपाचं नोझल तुंबलं तसं भरमानं ते काढलं, तोंडात धरलं आणि फूऽऽ करून फुंकलं. फ्लॉवरवर मारायचं औषध! डब्यावरची कवटीसुद्धा शहारली असेल.

"आप्पा!" बांधावरनं त्याची पोरगी, तेजस्वी किंचाळली. "इख हाय ते! तोंडात घालत्यात काय?"

"लगीन झाल्यापासनं घालतोय," भरमा थुंकून हसला. "किडी मेल्या, मी ऱ्हायलो. धावीच्या वर्गात गेलीस म्हणून लई डाक्टरीण होऊ नकोस."

भरमा म्हणजे हिंडलग्याच्या शिवारातला दांडगा गडी. सकाळी रान, दुपारनं उद्यमबागेतल्या कारखान्यात फौंड्रीच्या भट्टीपुढं, मधल्या वेळात विडी. औषध कालवायला काठी त्याला लागायची न्हाय. कोपरापर्यंत हात बादलीत. पण आज नोझल परत बसंना. अंगठा नुसता घसरत होता. तेजस्वी जवळ जाऊन बघू लागली. आप्पाच्या दंडाच्या कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, गढूळ पाण्याखाली मासळी फिरावी तसं.

"काय बगालीस? हात झोपलाय नुसता."

हात काही जागा झाला न्हाय. नागुबाईनं नवऱ्यावरनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. त्या चुलीत तडतडल्या, घरभर ठसका उठला. नजर उतरली म्हणून ती निवांत झाली, आणि दुसऱ्याच दिवशी चहाचा कप भरमाच्या हातातनं निसटला.

शेवटी तेजस्वीच हट्टानं त्याला बेळगावच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तपासण्या झाल्या. सुया टोचून झाल्या. डॉक्टर हळू आवाजात बोलले, "मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा सुकत चालल्यात. आजार वाढत जातो. गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, बरा होणार नाही."

भरमा म्हणाला, "कशानं झालं, सायेब? औषध मारून?"

"शेतीची औषधं, भट्टीच्या धुरातलं शिसं, तंबाखू, या सगळ्यांवर संशय आहे. पण तुम्हाला कशानं झालं, ते खात्रीनं सांगता येत नाही. तरी यापुढं औषधापासून लांबच रहा. विडीपण सोडा."

'खात्रीनं सांगता येत नाही' एवढंच भरमानं धरलं, पुढचं ऐकलंच न्हाय. गावात उतरल्या उतरल्या, शेजारच्या रानातला मष्णू दिसताच तो ओरडला, "मष्णू, औषधाचा दोष न्हाय रं! डाक्टरच म्हटला!"

"व्हय? मग झालं की!" मष्णूच्या तोंडावर केवढा उजेड पडला. "आमची ही उगंच तोंडाला फडकं बांध म्हणून पाठ धरत्या."

"आप्पा, असं न्हाय म्हटले ते!" तेजस्वी रडकुंडीला आली. पण बातमी तिच्याआधी गावभर पोचली.

दुसऱ्या दिवशी धुकं रानावरनं उठायला तयार न्हवतं. अळी मात्र फ्लॉवरात शिरली होती. नागुबाईनं पदर खोचला. "आता मीच मारते. पीक काय थांबतंय व्हय?"

भरमा बांधावर बसून मान हलवत होता. "मार. दोष न्हाय त्येचा."

तेजस्वीनं आईच्या आधी पंप उचलला. पट्टे खांद्यात घातले. वजनानं ती मागं झुकली, पाठीवर डबडब वाजलं.

"दोष न्हाय न्हवं, आप्पा? मग मी मारते. शाळंला जायच्या आधी रोज मारीन."

भरमाचा विडी धरलेला हात तसाच राहिला. पंपाच्या झाकणातनं एक ओघळ पोरीच्या मानेवर उतरत होता.

"खाली ठेव."

"का? तुम्हीच तर गावभर—"

"ठेव म्हनतो न्हवं!"

तो धडपडत उठला. पट्टा सोडवायला बकलाशी झटापट करू लागला. बोटं वळंनात, पुन्हा पुन्हा निसटली. नागुबाईनं येऊन बकल काढलं, पदरानं पोरीची मान खसाखसा पुसली. भरमा हात लोंबते सोडून उभा होता. मग लेकीकडं न बघता बोलला,

"ह्या रानात आता कोन मारनार न्हाय. अळी खाऊंदे."

तेजस्वी हसली, आणि तसंच तिला रडू फुटलं. पलीकडं धुक्यात मष्णूचा पंप चालू झाला. मग त्याच्या पलीकडचा. वारा इकडंच वळला होता.