हाफ इंजिन की फुल

खिंडीच्या चढावर इंजिन बसलं, त्या दिवशी नोर्जमाच्या गाडीत तिचे सासरे होते. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. बाहेर उणे पस्तीस. स्टेपनी पेटवून दोघं तिच्याशेजारी बसली. एक ट्रक आला तोवर म्हाताऱ्याचं बोलणं थांबलं होतं.

ते वाचले. मेकॅनिक म्हणाला, ब्लॉकला तडा गेलाय, दुसरं इंजिन आणा. म्हणून नोर्जमा आणि तिचा दीर दोर्लिग उलानबातरच्या पार्टबाजारात आली. जपानहून आलेली जुनी इंजिनं बर्फात मांडलेली होती.

"हाफ इंजिन घ्या," दुकानदार शारव म्हणाला. "ब्लॉक, पिस्टन, क्रँक. वरचं हेड तुमचंच बसवा."

"बरोबर," दोर्लिग म्हणाला. "हेडला काय धाड भरलीय?"

नोर्जमाला त्या दिवशीचे सासऱ्यांचे निळे ओठ आठवले. "एवढं तापलं होतं. हेड वाकलं असेल तर?"

"मशीनवर तपासा. थोडं वाकलं असलं तर घासून मिळतं."

"आणि हा ब्लॉक धड आहे कशावरून? चालू करून दाखवाल?"

"हाफ कसं चालू होणार, ताई? डोकंच नाही त्याला!"

दोर्लिग खो खो हसला. तिला हसू येईना.

"मग हेडसकट फुल दाखवा. चालू करून."

"वहिनी, किती भित्री गं तू!"

"आहेच मी भित्री. तू नव्हतास तिथे."

शारवनं बॅटरी जोडली. पहिल्या इंजिनानं पांढरा धूर सोडला. "थंडीची वाफ आहे," तो म्हणाला. ती थांबून राहिली. इंजिन गरम झालं तरी धूर पांढराच. म्हणजे आत पाणी झिरपत होतं. "हे नको." दुसऱ्याचा धूर विरला. तेच तिनं घेतलं.

इंजिन बसवल्यावर सासऱ्यांना तपासणीला न्यायचं होतं. रस्ता तोच. दोर्लिगही आला. चढ लागला तशी नोर्जमाची नजर काट्यावरून हलेना. काटा वर सरकला. अर्ध्यावर येऊन तो थांबला, आणि तिथेच राहिला.

माथ्यावर दगडांच्या राशीला रिवाजाप्रमाणे प्रदक्षिणा घालायला दोर्लिग उतरला. "इंजिन बंद कर की, वहिनी!"

तिनं बंद केलं नाही. स्टिअरिंग घट्ट धरून बसली. मागून सासऱ्यांनी वाळल्या चीजचा तुकडा पुढे केला.

"घे, चघळ. हात कापतायत तुझे."

"तुमचेही कापतायत, बाबा."

"हो," म्हातारा म्हणाला. "दोर्लिगला हाक मार. चल लवकर इथून."