उणे ऐंशीला झेंडूचा हार

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीमचा नव्हे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांवर राबणारा. थकलोय, पण तक्रार थकव्याची नाही.

परदेशातल्या कारखान्यातून आलो तेव्हा लई कौतुक झालं. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढं दाराचं रबर फाटलं तरी कुणी ढुंकून बघितलं नाही. बघितलं ते मेघानं. ही संशोधक पोरगी उस्मानपुऱ्यातून स्कूटीवर यायची आणि माझ्या दारातला बर्फ स्वतः खरवडायची.

माझ्या पोटात तिनं बटाट्याच्या रानटी भाऊबंदांची पानं ठेवली होती, आणि करपा रोगाचे नमुनेही. पेशीच्या आत हरितलवकं आणि तंतुकणिका असतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो आणि बटाट्यात तो आईकडूनच येतो. तो अख्खा वाचला की कोणती जात कोणत्या आईची, ते कळतं. करप्याच्या जंतूतल्या तंतुकणिका वाचल्या की तो रोग कुठून आला, त्याचाही माग लागतो.

यातल्या एका रानटी जातीचं झाड वाळून गेलं होतं. बी पुन्हा रुजलं नाही. उरलं होतं तिचं एक पान, माझ्या खालच्या कप्प्यात. मेघाचं सगळं काम त्या पानावर अडलं होतं.

मग खंडेनवमी आली. आदल्या दिवशी मेघा आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली. जाताना सोबत काम करणाऱ्या सुलेखाला म्हणाली, "फ्रीझरला हात लावू देऊ नको गं कुणाला."

नवमीला विभागप्रमुख तात्यासाहेबांनी सगळी यंत्रं बंद करून पुसायला सांगितली.

"सर, हा बंद करायचा नाय. मेघा सांगून गेलीय," सुलेखा म्हणाली.

"चालू यंत्राची पूजा करतात व्हय? वर्षभर राबतो बिचारा. दोन दिवस आराम करू दे."

"पण आतलं..."

"दार लावतोय ना पुन्हा? मग राहतंय थंड."

प्लग निघाला. आतला बर्फसुद्धा पुसला. हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. आरती चालू असताना माझा बॅटरीवरचा भोंगा वाजला. आतली थंडी उतरतेय, एवढंच मला ओरडून सांगता येतं.

"तेवढं बंद करा, आरती चालूय," साहेब म्हणाले. सुलेखानं बटण दाबलं.

दसऱ्यानंतर मेघा आली. दार उघडलं. पानाचा काळा चिखल झाला होता.

"बटाटाच ना गं?" साहेब म्हणाले. "औरंगपुऱ्याच्या बाजारात ढिगानं मिळतो."

"करपा मिळंल सर, कुठल्याबी शेतात. हा रानटी बटाटा नाय मिळणार."

मग माझ्यावरचा हार काढून तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि गेली.

आता पुन्हा खंडेनवमी जवळ आलीय. उरलेल्या जातींची पानं तिनं नव्यानं मागवलीत. नागपूरला यंदा तिची आई एकटीच जाणार. मेघा माझ्या प्लगाशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. शिकल्यासवरल्या माणसांपासून यंत्र राखायला पहारा लागतो, याची लाज वाटत नाही कुणाला.

मित्रांनो, ज्याला जपायचं त्याला काय लागतं, ते आधी विचारा. मला हार नको, आराम नको. मला फक्त चालू ठेवा, म्हणजे त्या पोरीला आईबरोबर जाता येईल.