राष्ट्रपतींकडे गेलेली म्हैस

भामाबाईंची म्हैस हरियाणाची. दिवसाला चौदा लिटर द्यायची. गावातल्या खासगी दूध केंद्राचे मालक शहादेव यांच्या चार गावरान म्हशी मिळून बारा द्यायच्या. त्यामुळे एका सकाळी केंद्रावर पाटी लागली: 'परराज्यातील माल स्वीकारला जाणार नाही.'

भामाबाईंची भरलेली किटली परत आली. गावात दुसरं केंद्र नव्हतं, आणि घरात चौदा लिटरचा चहा कोणी पीत नव्हतं.

"आवो, म्हैस तिकडची. दूध तर हितल्याच कडब्याचं हाय!"

"मावशी, रगत तिकडचंच हाय न्हवं?" शहादेव म्हणाले.

भामाबाईंच्या नवऱ्यानं, कचरूबाबांनी, बुद्धमूर्तीशेजारचं संविधान काढलं. पहिली पानं हाताळून मऊ झालेली. तीनशेच्या पुढची कलमं अजून एकमेकांना चिकटलेली. बीडला वकिली शिकणाऱ्या नातीनं, चैतालीनं, ती सुरीनं सोडवली. कलम ३०१: देशभर व्यापार मुक्त. पुस्तक घेऊन ती केंद्रावर गेली.

"पोरी, ते सरकारला," शहादेव हसले. "डेरी माझी हाय."

दुर्दैवानं हे बरोबर होतं.

"मग काका, ग्रामसभेत ठरावच घ्या की," चैताली म्हणाली. "पाटीला लई वजन येईल."

वजन शहादेवांना आवडायचं. ठराव एकमतानं झाला. पहिला हात भामाबाईंचा वर गेला.

आता बंदी एकट्या शहादेवांची नव्हती, ग्रामसभेची, म्हणजे सरकारी झाली होती. मग चैतालीनं ग्रामसेवक सोमनाथरावांपुढं पुस्तक ठेवलं. कलम ३०४: राज्याला असली बंधनं घालायची तर विधेयकाला आधी राष्ट्रपतींची मंजुरी.

सोमनाथरावांनी कलमावर बोट ठेवलं. "राज्याला एकदा लागती. म्हंजी आपल्याला दोनदा लागंल."

त्यांनी ठरावाखाली 'राष्ट्रपतींच्या मंजुरीच्या अधीन' असं लिहिलं आणि म्हशीचा फोटो जोडून तो स्पीड पोस्टानं दिल्लीला पाठवला. फोटो दोन प्रतींत.

"आन तवर?" शहादेवांनी विचारलं.

"तवर दूध घ्या," सोमनाथराव म्हणाले. " न्हाई घेतलं तर राष्ट्रपतींच्या आधी तुमीच निर्णय दिला, असं व्हईल."

शहादेवांची तेवढी तयारी नव्हती.

पाटी अजून आहे. भामाबाईंची किटली रोज तिच्याखालून आत जाते. शहादेव रोज अकराला पोस्टात जाऊन दिल्लीचं काही आलंय का, विचारतात.

"आलं का वो पत्र?" भामाबाई काळजीनं विचारतात.

"न्हाई, मावशी."

"यील, यील," म्हणत त्या किटली काट्यावर ठेवतात.