थोरलीचा हेवा

जेवणाच्या टेबलावर सकाळपासून कागद पसरले होते आणि थोरलीला भाजी चिरायला जागा उरली नव्हती.

कागद धाकट्या जावेचे. ती सरकारी रुग्णालयात नर्स होती आणि परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला निवडलं होतं. भाषेची परीक्षा झाली, मुलाखत झाली. आता औषधांच्या हिशेबाची एक चाचणी राहिली होती, आणि कागद: अनुभवाचे दाखले, पोलिसांचा दाखला, नवऱ्याचा आणि चार वर्षांच्या छोटीचा पासपोर्ट. ती एकटी जाणार नव्हती, सगळा संसार उचलून जाणार होती. छोटीला तर घरात येईल त्याला सांगायची सवयच लागली होती, "आम्ही विमानाने राहायला जाणार!"

"ताई, हे बघा ना जरा," धाकटीने पेन्सिलीचं टोक कपाळावर टेकवलं. "हजार मिली सलाईन, आठ तासांत, एका मिलीला वीस थेंब. मिनिटाला किती?"

"बेचाळीस," थोरली म्हणाली. तिची सुरीही थांबली नाही.

धाकटी बघतच राहिली. "अगंबाई! तुम्ही अजून विसरला नाहीत?"

ती कौतुकानेच म्हणाली होती. थोरलीच्या मात्र ते काळजात रुतलं.

विसरायला काय झालं होतं? चौदा वर्षांपूर्वी थोरलीही नर्सच होती, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. लग्न होऊन ती या घरात आली आणि तिसऱ्याच महिन्यात सासूबाईंची बहीण दोन दिवस राहायला आली. जाताना ती एवढंच म्हणाली, "सुनेला परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायला पाठवता? धन्य आहे बाई तुमची." कोणी आरडाओरडा केला नाही. नवऱ्याने अगदी प्रेमाने सांगितलं, "सोडून दे ना. तुला काय कमी आहे?" तिने सोडली. पुढे आठ वर्षांनी धाकटी सून आली, तीही नर्सच. तेव्हा सासूबाई लोकांना सांगू लागल्या, "आता दिवस बदललेत हो. मुलींनी आपल्या पायावर उभं राहायला हवं." थोरली चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिच्या वेळचे दिवस कोणी अडवून धरले होते, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

तेव्हापासून ती जळत होती. धाकटा दीर बायकोचा गणवेश इस्त्री करायचा, ते पाहून जळायची. धाकटी पाय सुजवून घरी आली की तिच्या सुजलेल्या पायांवरही जळायची. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची एक बाजू लुळी पडली. त्यांना अंघोळ घालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे सगळं थोरलीकडे आलं. तिच्या हाताखाली त्यांच्या पाठीवर एक ओरखडा उठला नव्हता. पण त्याला नोकरी कोण म्हणणार? ते सुनेचं कर्तव्य होतं.

आणि आता ही परदेशात निघाली होती.

त्या दुपारी थोरली सासूबाईंच्या केसांना तेल लावत होती. सासूबाईंनी सहज विचारलं, "तिकडे कामं फार असतील का गं?"

थोरलीने तेलाची वाटी खाली ठेवली. आपण काय बोलणार आहोत हे तिला आधी माहीत होतं की बोलताना सुचलं, हे पुढे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही.

"कामं काय, सगळं नर्सनेच करायचं तिकडे. परक्या पुरुषांच्या अंघोळी, कपडे बदलणं..." तिने पुन्हा केसांत बोटं घातली. "आणि तेही दार बंद करून."

रोग्याची लाज राखायला दार लावतात, पडदा ओढतात. शिकाऊ मुलीलाही पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. थोरलीने ते शेकडो वेळा केलं होतं. म्हणूनच कोणते शब्द कुठे लागतील हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

हाताखालची सासूबाईंची मान तिला ताठ झालेली जाणवली. संध्याकाळपर्यंत ते शब्द धाकट्या दिराच्या कानावर गेले. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचा चेहरा उतरला. त्याने बायकोला सगळ्यांदेखत विचारलं, "दार बंद करून? खरं आहे हे?"

"हो," धाकटी म्हणाली. "इथेही करतो आम्ही. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमच्या खोलीचं दार नर्सने उघडं टाकलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

छोटीच्या पासपोर्टला बापाच्या संमतीची सही लागत होती आणि ती सही रोज उद्यावर जाऊ लागली. आज पेन मिळत नव्हतं, उद्या डोकं दुखत होतं. सासूबाई म्हणायच्या, "नोकरी करायला आमची ना नाही. पण घराण्याचं नाव आहे." पंधरा दिवस असे गेले. मुदत टळली. परदेशातून दोन ओळींचं पत्र आलं: जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे.

धाकटीने कागद गोळा केले, टेबल पुसलं आणि म्हणाली, "घ्या ताई, जागा झाली तुम्हाला."

थोरलीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. दोन दिवस वाटलंही. जेवण गोड लागलं, छोटीची वेणी घालताना गाणं गुणगुणावंसं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र धाकटी समोर आली की तिची नजर खाली जाऊ लागली. धाकटी तर कामाला जायची, यायची, मुलीला भरवायची. कोणाला एक उणा शब्द बोलत नव्हती. नवऱ्याशीही नव्हती बोलत.

आठवड्याने शेजारच्या बाई आल्या. थोरली तेव्हा आतल्या खोलीत, दार लावून, सासऱ्यांचं अंग पुसत होती. बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मग, सूनबाई जाणार होत्या ना परदेशात?"

"नाही पाठवली," सासूबाई म्हणाल्या. "दारं बंद करून पुरुषांच्या अंघोळी घालायच्या, असली घाण कामं आमच्या घरातल्या सुना करत नाहीत."

थोरलीच्या हातात ओला रुमाल होता. सासऱ्यांनीही ते ऐकलं असावं. त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. अंगावरची चादर वर ओढायला चांगला हात धडपडू लागला. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या शरीराची शरम वाटत होती.

तिने त्यांना कोरडं केलं, सदरा घातला, उशी नीट केली. "बाबा, यात घाण काही नाही," ती हळूच म्हणाली. मग तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. धाकटी नुकतीच कामावरून येऊन चपला काढत होती. धाकटा दीर खुर्चीत बसला होता.

"आई, आत्ता मी काय करत होते?"

"हे काय विचारणं झालं? पाहुण्या बसल्यात."

"बसू दे. दार बंद करून पुरुषाला अंघोळ घालत होते. दोन वर्षं घालते आहे. ती घाण असेल तर मी घाण आहे, आणि बाबाही. ते शब्द माझे होते. मीच तुमच्या कानात घातले. दार का लावतात ते मला पक्कं माहीत होतं, तरी बोलले."

सासूबाई म्हणाल्या, "वेड लागलंय का तुला?" शेजारच्या बाईंनी पर्स उचलली आणि निरोप न घेताच निघाल्या.

धाकटी चप्पल हातात धरून उभी होती. "माझ्यावर राग होता, तर माझ्याशी भांडायचं होतं, ताई."

"राग नव्हता गं. जळत होते मी. माझ्या तोंडचं काढून घेतलेलं तुला ताटात वाढून मिळत होतं. मला ते बघवेना." आणि पुढे म्हणाली, "अजूनही बघवत नाही."

धाकटीने तिला जवळ घेतलं नाही. कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलली. पण त्या संध्याकाळी धाकट्या दिराने संमतीच्या कागदावर सही केली आणि तो बायकोपुढे ठेवला. ती म्हणाली, "आता याचा उपयोग काय?" तो म्हणाला, "पुन्हा अर्ज कर. या वेळी मी तुझ्याबरोबर रांगेत उभा राहतो." एक अख्खं वर्ष गेलं. दुसरं रुग्णालय, दुसऱ्या मुलाखती. शेवटी तिघं एकदमच गेली. निघताना धाकटी थोरलीपाशी आली. "तुमचं काय ठरलंय?" एवढंच तिने विचारलं.

तो प्रश्न तिच्या मागे लागला. महिन्याभराने तिने नवऱ्याला सांगितलं, "मी पुन्हा कामाला लागणार आहे."

"आणि बाबांचं कोण बघणार?"

"तुम्ही. मी शिकवते."

तो हसला. ती हसली नाही. आठ दिवस तिने त्याला कूस बदलायला शिकवलं, पाठ कशी तपासायची ते शिकवलं. त्याचा हात अवघडायचा, सासरे कण्हायचे, सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. नवव्या दिवशी त्याने ते एकट्याने केलं. घामाघूम होऊन तो म्हणाला, "रोज करायचीस हे?" ती म्हणाली, "दिवसातून बारा वेळा."

नर्सिंग परिषदेच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या कारकुनाने तिचा पुन्हा नोंदणी करण्याचा अर्ज चाळला. "चौदा, नाही, पंधरा वर्षांचा खंड आहे, बाई. खंडाचं कारण राहिलंय लिहायचं."

ती विचार करू लागली, तसं त्याने सवयीने सांगून टाकलं, "'घरगुती कारण' लिहा. सगळ्या तेच लिहितात."

"सगळ्या?"

त्याने मागच्या कपाटांकडे मान वळवली. छतापर्यंत फायली रचलेल्या होत्या. "हो, जवळजवळ सगळ्याच."

थोरलीने पेनाचं टोपण काढलं. 'लग्नानंतर सासरच्यांनी नोकरी सोडायला लावली, आणि मी का म्हणून विचारलं नाही,' असं तिने लिहायला घेतलं. रकाना दोन बोटांचा होता. शेवटचे शब्द त्यात मावेनात, तेव्हा तिने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली.