वकीलबाईंचं पाकीट

नवनाथ जेलात गेल्यापासून अक्षदाला त्याची जी पत्रं आली, ती सगळी आधी दुसऱ्याने वाचलेली. पाकीट फोडलेलं, वर जेलचा शिक्का, आत चार ओळी: मी बरा आहे, आपल्या शौर्यला जप. तीही तसंच लिही. परक्या माणसाच्या डोळ्यांदेखत नवऱ्याशी काय बोलणार? त्याची मारामारीची केस लढणाऱ्या डुंबरे वकीलबाईंची पाकिटं मात्र जाता-येता बंद. वकील-अशिलातलं कुणी वाचायचं नाही, असा नियम.

बी.ए. झालेल्या अक्षदाला नियम कळत होता. पोटातली आग ऐकत नव्हती. आपल्याला चार ओळी, आणि हिला पानंच्या पानं!

"नवनाथचं समदं त्या बाईलाच ठावं," सासू चिमाबाई तेल ओतायच्या. "आन् साड्या तरी किती भारी नेसती!"

एके दिवशी अक्षदा जुन्नरला वकीलबाईंकडे गेली, तेव्हा त्यांचा कारकून रजेवर होता. "जाता जाता एवढं पोस्टात टाका," म्हणत त्यांनी तिच्याच हाती पाकीट दिलं. "जामीन अडलाय. उत्तर लवकर हवं."

अक्षदा पोस्टात न जाता पिंपरी पेंढारच्या एसटीत बसली. घरी दूध तापत ठेवलं अन् वाफेवर पाकीट धरलं. आत आपली चिठ्ठी सरकवायची, एवढंच मनात होतं. एकदा तरी कुणी न वाचलेलं! पण कागद हाती आल्यावर डोळे थोडेच राहतात?

‘आळेफाट्यावर मारामारी झाली तेव्हा तुम्ही ज्यांच्या घरी होतात, त्यांचं नाव कळवा. त्यांच्या जबाबाशिवाय जामीन अवघड आहे. घरी सांगितलं नसेल तरी मला सांगा. माझ्यापाशीच राहील.’

दूध उतू गेलं. कुणाच्या घरी? तिला तर तो म्हणाला होता, त्या वेळी टेम्पो पंक्चर होऊन वाटेत अडकलो होतो.

पाकीट चुलीत घालावं, असं एकदा वाटलं. नाव त्या बाईलाही कळणार नाही. पण मग नवनाथही सुटणार नाही. आणि वाफेने सुरकुतलेलं पाकीट तसंच धाडलं, तर तिकडे जेलात संशय येणार.

दुसऱ्या दिवशी शौर्यला कडेवर घेऊन तिने जुन्नर गाठलं आणि पाकीट वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"मी फोडलं. नवीन द्या, शिक्का मारून."

"वाचलंत?"

"वाचलं. नाव आलं की मला सांगाल?"

"नाही."

"बाई का बाप्या, एवढं तरी?"

"अक्षदाताई, तेही नाही."

अक्षदाने त्यांच्या साडीच्या काठाकडे पाहिलं. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मग लवकर बंद करा. टपाल निघायच्या आत टाकून येते."

"पुन्हा तुमच्याच हाती देऊ?"

"द्या. पण डिंक नीट लावा," तिने शौर्यला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझा माझ्यावर भरवसा नाही."